आप्पांचा खुराक

"पगार म्हण की लेका, सरळ पगार म्हण," विलासकाका म्हणाले आणि हातातली शेंगांची टरफलं त्यांनी पुढच्या खुर्चीखाली सारली.

"टरफलं उचल आधी. तुझी लक्झरी न्हवं ही, थेटर आहे," आप्पा म्हणाले.

"थेटर होतं. आता तालीम केलीस न्हवं का त्याची?"

"मग तालमीत टरफलं टाकत होतास का तू?"

विलासकाका कुरकुरत वाकले आणि टरफलं गोळा करू लागले. दोघंही सत्तरीला टेकलेले, दोघांचेही कान कुस्तीत चेंगरून कानवल्यासारखे दुमडलेले. पोरवयात एकाच तालमीत, एकाच वस्तादाच्या हाताखाली घुमलेले. पुढे विलासकाकांच्या पुण्या-मुंबईला लक्झरी गाड्या सुरू झाल्या आणि आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आजोबांची वर्धमान टॉकीज आली. ती बंद पडली तेव्हा इचलकरंजीतल्या सगळ्यांना वाटलं, आता इथं मंगल कार्यालय होणार. आप्पांनी पडदा ठेवला, पडद्याखाली रंगमंच बांधला, त्यावर टेबलं मांडली आणि मोबाइलवरच्या खेळाची लीग सुरू केली. लोक म्हणाले, म्हातारा खुळावला.

त्या शनिवारी दुपारी रंगमंचावर आमच्या संघाचा सराव चालला होता. पाच जण मोबाइलवर वाकलेले, आणि वर पडद्यावर जळकी घरं, गवत, पळणारी माणसं. मी पुण्याहून सुट्टीला आले होते. एका प्रकाशनसंस्थेत मी मुद्रितं तपासते; तो गठ्ठा मांडीवर घेऊन मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

"रेश्मा, मान वर!" आप्पा ओरडले. "मोबाइलात शिरतीस का काय?"

रेश्मा शिकलगार आमच्या संघाची कप्तान. सुताच्या दुकानातली नोकरी सोडून आलेली. तिनं मान वर न करताच उत्तर दिलं, "आप्पा, मान वर केली की गोळी लागती."

"लागू दे. मान मोडली तर पुढच्या सालाला कोण खेळणार, तुझा बा?"

"बा खेळला तर स्वतःच्याच माणसाला गोळी घालंल."

पोरं हसली. आप्पाही हसले. त्यांना हा खेळ शेवटपर्यंत कळला नाही. कोण आपलं, कोण समोरचं, हे ते दर वेळी विचारायचे. पण पोरांचं दूध, झोप, मनगटाचा व्यायाम, पाठ, डोळे, यावर त्यांची करडी नजर असायची. बदाम वाटून केलेल्या थंडाईचा थर्मास रंगमंचाच्या कोपऱ्यात ठेवलेला असायचा आणि ती प्यायल्याशिवाय कुणाला घरी जाता यायचं नाही.

"मुद्द्यावर ये," विलासकाका म्हणाले. "तो पुण्याचा कंपनीवाला निनाद करंदीकर परत फोन करायलाय. कोटीचं इनाम लावतो म्हणतोय. कोटी, भूपाल! देशभर लीग दिसंल. आणि आपण सहा जण दर महिन्याला पदरचं घालतोय ते बंद होईल."

"इनाम किती जणांना मिळणार?"

"जिंकणाऱ्या संघाला."

"आणि बाकी पाच संघ?"

"ते पुढच्या साली जिंकतील की."

"पुढच्या सालापर्यंत काय खातील? टरफलं?"

आधीही या भागात अशा स्पर्धा होऊन गेल्या होत्या. कुणीतरी येई, चौकात फ्लेक्स लावी, मोठ्या इनामाची घोषणा करी. एक संघ जिंके, बाकीचे आपापल्या दुकानात, मागावर परत जात, आणि पुढच्या वर्षी फ्लेक्सही नसे, तो माणूसही नसे. आप्पांनी इचलकरंजी, जयसिंगपूर, मिरज, निपाणी, कागल आणि गडहिंग्लज अशा सहा गावांतले सहा मालक जमवले होते. प्रत्येकानं दरमहा एकाच पेटीत सारखी रक्कम टाकायची. तिकिटांचं, जाहिरातींचं, वडे-भज्यांचं उत्पन्नही त्याच पेटीत. त्यातून सहाही संघांतल्या प्रत्येकाला, जिंको वा हरो, दरमहा सारखीच रक्कम. जिंकणाऱ्याला फेटा आणि ढाल, एवढंच. आणि हा नियम बदलायचा तर सहाही मालकांचं एकमत हवं.

त्या मासिक रकमेला आप्पांनी करारात 'खुराक' असा शब्द घातला होता.

मीच त्यांना म्हटलं होतं, "आप्पा, बाहेरच्यांना हा शब्द कळायचा नाही."

"मग त्यांनी विचारावं."

आता विलासकाकांनी पुन्हा तोच धागा धरला. "पुण्याची माणसं हसतात रे. खुराक म्हणे! पगार म्हण."

आप्पा पडद्याकडे बघत म्हणाले, "पगार कामाचा असतो, विलास. काम थांबलं की पगार थांबला. खुराक तयारीचा असतो. तुझा पाय मोडला होता तेव्हा वस्तादांनी तुझा खुराक बंद केला होता का?"

विलासकाका त्या पायाचा गुडघा चोळू लागले.

"रोख मिळायचा तो. घरी पैसे लावून द्यायचास तू त्यातनं. बहिणीची फी भरलीस. दुधा-बदामाला किती उरत होतं ते मला ठाऊक आहे."

"बास की आता, पोरीसमोर."

"पोरीला कळू दे. इनामावर पैलवान एक दिवस जगतो. खुराकावर जगतो तो जन्मभर."

त्या दिवशी एवढंच झालं. सूर्य मावळायच्या आत जेवायचा आप्पांचा नेम होता, म्हणून आम्ही दोघं लवकर घरी आलो. मी पिठलं केलं. तिखट कमी पडलं म्हणून त्यांनी तक्रार केली आणि तरी दोनदा घेतलं. मग माझ्या गठ्ठ्यातलं एक पान उचलून त्यांनी विचारलं, "हा लेखक एक वाक्य इतकं लांबवतो कशाला? दम लागतो वाचताना." मी म्हटलं, "ते विद्वान आहेत." "मग त्याला जोर मारायला लाव," आप्पा म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी ते उठले नाहीत.

डॉक्टर आले, बघून गेले. विलासकाका धावत आले आणि पलंगाजवळ बसले. मग तेच उठले आणि सगळं त्यांनीच केलं. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. फोन वाजला की मी तो काकांच्या हातात द्यायची. सांगायचं काम त्यांचं. कुणाला ते "देवाज्ञा झाली" म्हणाले, कुणाला "भूपाल आपल्याला सोडून गेला," कुणाला नुसतंच "आटोपलं." मी शेजारी उभी राहून ऐकत होते. पुण्याला परत गेल्यावर ऑफिसात मला कुणी विचारलं तर मी म्हणायची, "हो, घरी जरा अडचण होती."

शोकसभा टॉकीजमध्येच झाली. पडद्यावर आप्पांचा फोटो. प्रत्येक वक्त्यानं सांगितलं की आप्पा कुठं गेलेले नाहीत, ते आपल्यातच आहेत, वरून आपल्याकडे बघत आहेत. मी पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. ऐकायला बरं वाटत होतं, हेही खरं.

पुढे काही आठवड्यांनी एका दुपारी रेश्माचा फोन आला.

"मेधाताई, एक विचारू का? आप्पा अंडाकरी खात होते का हो?"

"काय?"

"न्हाई, म्हंजे जैन माणूस, कांदासुद्धा चातुर्मासात खात न्हवता. म्हणून विचारलं."

"रेश्मा, काय झालंय?"

"तुम्ही या. फोनवर सांगितलं तर तुम्ही मला खुळ्यात काढाल."

मी दुसऱ्या दिवशी गेले. टॉकीजच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या डब्यांची उतरंड लावलेली होती. दोन चपात्या, भात, आमटी, अंडाकरी. प्रत्येक झाकणावर एक रंगीत स्टिकर. त्यावर आप्पांचा हसरा फोटो आणि खाली छापलेलं: 'आप्पांचा खुराक'.

आयुष्यात कधी अंड्याला हात न लावलेला माझा बाप अंडाकरीवरून माझ्याकडे बघून हसत होता.

"या महिन्यापास्नं हेच," रेश्मा म्हणाली. "पैसे बंद. त्या करंदीकर साहेबांच्या वकिलानं करार वाचला म्हणे. त्यात लिहिलंय खेळाडूला दरमहा खुराक द्यायचा. खुराक म्हंजे जेवण. घ्या जेवण. दोन टायमाला डबा. मी विचारलं, घरचं भाडं डब्यातनं भरू का? तर म्हणतो, मॅडम, हा भावनेचा विषय आहे, आप्पांच्या नावाचा डबा आहे."

"पण निनाद करंदीकर लीगमध्ये आलेच कसे? आप्पांनी तर नको म्हटलं होतं."

"ते तुमच्या काकांना विचारा. आता तर नुसता वकिलाचा शब्द हाय. चार वाजता मालकांची मीटिंग हाय, त्यात पेटीच मोडून टाकणार आणि इनामाचं पक्कं करणार. तुम्हाला सांगितलं न्हाई?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. पण विलासकाका मला बघून दचकले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलीस पोरी. उद्या माणूस पाठवणारच होतो पुण्याला तुझ्याकडं. तुझा होकार लागतो न्हवं का. आता संघ तुझ्या नावावर."

"कशाला होकार, काका?"

"चल आत, सगळं सांगतो. तू काही बोलू नको, नुसतं हो म्हण. बाकी मी बघतो."

तिकीट खिडकीमागच्या जुन्या ऑफिसात सगळे बसले होते. निपाणीचे तंबाखूवाले शेठ, मिरजेचे सराफ, कागलचे डेअरीवाले, गडहिंग्लजचे काजूवाले. जयसिंगपूरचा संघ विलासकाकांचाच. आणि टेबलाच्या टोकाला निनाद करंदीकर. तिशीचा, गोरा, अतिशय नम्र. मला बघून तो उभा राहिला.

"मॅडम, आप्पा माझ्यासाठी वडिलांसारखे होते."

"तुमची भेट झाली होती?"

"फोनवर. पण फोनवरही कळतं ना माणूस."

रेश्मा दारात उभी होती. सराफांनी तिला हातानं बाहेर जायची खूण केली.

"असू दे तिला," मी म्हटलं.

"अहो, मालकांची मीटिंग आहे."

"माझ्या संघाची कप्तान आहे. माझ्या खुर्चीमागे उभी राहील."

निनादनं लॅपटॉप फिरवून दाखवला. कोटीचं इनाम. नाव: भूपालआप्पा मगदूम स्मृती महाचषक. अंतिम सामना पुण्यात, मोठ्या स्टेडियममध्ये. मालकांनी पेटीत काही टाकायला नको. कंपनीच सगळं बघेल. खेळाडूंना डबा चालू. "इनाम मोठं असलं की प्रेक्षक येतात, प्रेक्षक आले की जाहिरातदार येतात," तो म्हणाला. "पगारी खेळाडू बघायला कोण येणार, मॅडम? लोकांना भूक बघायची असते."

"काय बघायची असते?" मी विचारलं.

"म्हणजे, जिंकण्याची भूक."

मागून रेश्मा म्हणाली, "ती बघायला आमच्या गल्लीत या की. तिकीट न्हाई."

कागलवाले हसले आणि लगेच गंभीर झाले.

"आणि तुमचे जाहिरातदार पुढच्या वर्षी आले नाहीत तर?" मी निनादला विचारलं.

"रिस्क तर असतेच."

"कुणाची?"

तो हसला. त्यानं लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला.

मी विलासकाकांकडे वळले. "काका, खुराक म्हणजे काय?"

"आता करारात जे लिहिलंय..."

"करारातलं मला पाठ आहे. मी तुम्हाला विचारते. तालमीत तुम्हाला खुराक मिळायचा तेव्हा काय मिळायचं? डबा?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"त्या वकिलाला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "करंदीकरांना माहीत नव्हतं. त्यांना चुकून वाटलं असेल. या खोलीत तालमीतला खुराक ज्याला माहीत होता तो एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला."

"पोरी, माझ्या चार गाड्या उभ्या आहेत," विलासकाका हळू आवाजात म्हणाले. "डिझेल परवडत नाही. महिन्याच्या महिन्याला पेटीत टाकणं मला जमंना झालंय. भूपालजवळ बोलायचं धाडस झालं नाही. तो गेल्यावर करंदीकरांना मीच बोलावलं."

"माझ्याजवळ बोलायचं होतं."

"तुझ्याजवळ काय बोलायचं? तू पुस्तकांतली माणूस."

क्षणभर मला त्यांची कीव आली. त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं. मी त्यांना म्हटलं असतं, काका, वर्षभर तुमचा वाटा आम्ही सगळे मिळून उचलू. आप्पांनी पेटी त्याचसाठी केली होती. पण ते थांबले नाहीत. सराफ मध्येच म्हणाले, "ताई, भावना समजतात. पण आप्पांची इच्छाच होती की लीग मोठी व्हावी." निपाणीचे शेठ म्हणाले, "आज आप्पा वरून बघत असतील तर त्यांना आनंदच होत असेल." निनादनं हात जोडले. "आप्पांचा आशीर्वाद आहे म्हणूनच हे जुळून आलंय."

विलासकाकांनाही तेवढाच आधार हवा होता. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"खरं आहे. पन्नासावर वर्षं मी ओळखतो त्याला. बोलायला तिखट, पण आतनं मऊ. शेवटी भूपाल हो म्हणाला असता."

माझ्या पाठीमागे रेश्माचा श्वास मला ऐकू आला.

"माझं मत नाही असं आहे," मी म्हटलं. "लिहून घ्या. एकमत नाही. पेटी मोडायची नाही. डबे उद्यापासून बंद, खुराक पैशात, आणि आजपर्यंतचा राहिलेला आधी."

"असं तडकाफडकी काय?" सराफ उठले. "आप्पांचा तरी विचार करा!"

"पोरी," विलासकाका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता खरीखुरी धमकी होती, "तू भूपालला दुखावतीयेस. त्याच्या आत्म्याला काय वाटंल?"

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली. रेश्मानं ती उचलली नाही.

"काय वाटेल ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "तुम्हालाही माहीत नाही. ते वरून बघत नाहीत. त्यांनी कशाला आशीर्वाद दिलेला नाही. ते आनंदात नाहीत आणि दुखावलेलेही नाहीत. ते हो म्हणणार नाहीत, नाहीही म्हणणार नाहीत. तुम्ही सगळ्यांनी इतके दिवस त्यांना बोलायला लावलं, डब्यावर बसवून हसायला लावलं, आणि मी ऐकत राहिले, कारण मलाही ते हवं होतं. आता पुरे."

"मेधा..."

"आप्पा मेले, काका. माझा बाप मेला."